रस्त्यानं काय दिसलं?

मॅडमचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायचं ठरवलं होतं. वर, ठळक अक्षरांत, पत्रकात छापतात तसं. पण त्यांनी आधीच बजावून ठेवलंय, "नाव घालशील तर लोक नाव वाचतेत आन् पान उलटतेत. त्यापेक्षा रस्ता लिही." म्हणून रस्ता लिहिते. तसंही त्यांना त्या रस्त्यापासून वेगळं काढून दाखवणं मला जमणार नाही.

रस्ता औंढा नागनाथातून निघतो. देवळाजवळची प्रसादाची, बांगड्यांची दुकानं उघडायच्या आत मॅडमची पांढरी, बुटकी, दोन मालकांच्या हाताखालून आलेली मोटार गल्लीतून बाहेर पडायची. हळदीची रानं मागे पडली की डोंगर सुरू. सात वळणं, आणि सातव्याच्या पुढे माथ्यावर एक वाडी. वाडीवरची माणसं थोडी कोरडवाहू शेती करतात, बाकी सगळा संसार मेंढ्या-शेळ्यांवर. तिथे एका खोलीची शाळा. पहिली ते चौथी मिळून अकरा लेकरं आणि शिकवणारं माणूस एकच, मॅडम.

अकरा हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्यावरूनच सगळं झालं.

कमी पटाच्या शाळा बंद करून लेकरं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असं वरून चाललं होतं. मी तेव्हा कॉलेज संपवून वाड्यावस्त्यांवर त्याच्या विरोधात पत्रकं वाटत हिंडत होते. माझ्याकडे वाहन नव्हतं. औंढ्याला कुणीतरी म्हणालं, त्या वाडीवर जायचंय तर मॅडमची गाडी सातला निघते. गेले. मॅडम गाडीची काच पुसत होत्या. पन्नाशी पार केलेली बाई, साडीवर पुरुषी शर्ट, पायांत बूट. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या,

"त्यात काय हाय गं?"

"पत्रकं."

"वजनदार हायेत का? घाटात गाडी दम टाकती."

मी पुढच्या सीटवर बसले आणि लगेच सुरू झाले. शिक्षणाचा हक्क, सरकारचं धोरण, गरिबांची लेकरं. डोंगराचा पायथा आला तसं मॅडमनी स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं.

"आता तिसऱ्या वळणापर्यंत बोलायचं न्हाई."

"काहून?"

"तेच. बोलायचं न्हाई."

मला राग आला. मी कुणाचं ऐकून गप्प बसणाऱ्यांतली नाही. पण त्या बोटात काहीतरी होतं. गप्प बसले. तिसऱ्या वळणावर, जिथे डोंगराची बाजू एकदम संपते आणि कठड्याच्या पलीकडे नुसती हवा असते, तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. "इंजिनला जरा दम खाऊ दे," म्हणाल्या. हे खोटं होतं. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर वर जात राहिले, आणि त्या ठिकाणी रोज तेच खोटं ऐकलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. खाली धुकं होतं, पण सगळीकडे सारखं नाही. फक्त ओढ्याच्या काठाकाठाने, ओढा जसा वळतो तसं वळत गेलेलं. त्यातून दूरवर देवळाचं शिखर वर आलं होतं. फुलावर आलेल्या तुरीचे पिवळे पट्टे. सूर्य अजून आमच्या पाठीमागे, डोंगराच्या आड, आणि त्यामुळे अख्ख्या डोंगराची सावली खालच्या शिवारावर आडवी पडलेली. ती सावली सरकत होती. आमच्या डोळ्यांदेखत एकेक रान उजळत होतं, बांध ओलांडून उजेड आमच्याकडे चालत येत होता. कुठेतरी खाली मेंढरांच्या गळ्यातली एक घंटी वाजली आणि ती इतकी स्पष्ट ऐकू आली की मी गाडीतच मागे वळून बघितलं.

मी याच जिल्ह्यात जन्मले, वाढले. या जिल्ह्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. मागास, कोरडा, दुर्लक्षित. हे समोरचं कुणी मला सांगितलं नव्हतं.

मॅडमनी गाडी चालू केली. "हां, आता बोल तुझं."

मी पत्रकांची पिशवी पायाखाली सरकवली.

त्या गाडी शिकल्या शेहेचाळिसाव्या वर्षी. आधी त्यांची नेमणूक सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला होती. तिथून या वाडीवर बदली झाली तेव्हा कळलं की वाडीवर जाणारी जीप दहाच्या आत हलत नाही आणि शाळा तर सकाळी भरते. लोकांनी सांगितलं, रद्द करून घ्या, कोण जातंय तिथं. त्या जवळच्याच गोरेगावला गेल्या आणि एका जीपवाल्याला म्हणाल्या, मला शिकव. बाजाराचा दिवस सोडून इतर दिवशी बाजाराच्या मोकळ्या मैदानात त्याने शिकवलं. शेवटच्या दिवशी त्याने कानमंत्र दिला, "म्याडम, घाटात खाली बघू नका." मॅडम म्हणाल्या, "मंग घाटात जायचंच कशाला?"

हा किस्सा त्या सांगायच्या तेव्हा आपल्याच उत्तरावर पोट धरून हसायच्या.

आता शाळेतलं सांगते. त्या शाळेत पहिला तास गणिताचा नव्हता, मराठीचाही नव्हता. रस्त्याचा तास होता. मॅडम वर्गात शिरल्या की अकरा तोंडांतून एकदम प्रश्न यायचा, "म्याडम, रस्त्यानं काय दिसलं?" आणि मॅडमनी उत्तर द्यायचं. मग त्या फळ्यावर 'आज दिसलं' असं लिहून पुढे ते एका ओळीत लिहायच्या, आणि ज्याची पाळी असेल ते लेकरू ती ओळ वहीत उतरवायचं. नियम एकच. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. कधीच नाही. वह्या आठ झाल्या होत्या. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या, पहिल्या वहीची पानं पिवळी पडलेली.

"मोर दिसला" हे पहिल्याच वर्षी संपलं होतं. त्यानंतर मोराने काय केलं ते सांगावं लागे. मोर पावसात भिजलेला आणि उडता येईना म्हणून चालत रस्ता ओलांडत होता, हे तिसऱ्या वहीत आहे. रोही, म्हणजे नीलगाय, एक पाय उचलून उभा, पाठीवर कोतवाल पाखरू, आणि रोही हलेना, हे पाचव्या वहीत. एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन घाट चढून राहिला होता. मॅडमनी गाडी थांबवून विचारलं तर म्हणाला, "पोरीला शिकवायची हाय. उतार वरून लागतो ना." हे सहाव्या वहीत आहे आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मेंढक्याच्या कोटाच्या खिशातून बाहेर डोकावणारं कोकरू. विजेच्या तारेवर जाळं, जाळ्यात दव, आणि जाळ्याचा मालक बेपत्ता. हळद शिजवायच्या दिवसांत खालच्या सगळ्या रानांतून पिवळट वाफ निघते ती रोज दिसते, म्हणून ती एकदाच चालली. पण एके दिवशी वाफ सरळ वर न जाता जमिनीवरून लोळत ओढ्यात उतरली. ते नवीन धरलं.

काय नवीन धरायचं, काय सोडायचं हे ठरवणारी होती कावेरी. चौथीतली, मेंढपाळाच्या घरची, नऊ वर्षांची, नाकात तार, आवाज सरपंचाला लाजवील असा. तिला आठही वह्या जवळपास पाठ होत्या.

"म्याडम, हे झालंय. दुसऱ्या वहीत."

"न्हाई गं, तवा घोरपड झाडावर होती. आज खडकावर व्हती."

"जागा बदलल्यानं घोरपड नवी व्हती का?"

मॅडम हरल्या की शिक्षा ठरलेली. त्या खाली सतरंजीवर लेकरांत बसायच्या आणि तासभर कावेरी शिकवायची. एका शिक्षिकेने रोज सकाळी अकरा लेकरांसमोर परीक्षेला उभं राहायचं! मी एवढे पुढारी बघितले, स्टेजवरून न उतरणारे. असं कुणी बघितलं नव्हतं.

एकदा तर त्यांनी चक्क खोटं सांगितलं. अंगात ताप होता, कशीबशी गाडी वर आणली होती, रस्त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. सुट्टी का घेतली नाही विचारलं तर म्हणाल्या, शाळेला कुलूप दिसलं की कुणाच्या तरी डोळ्यांवर येतंय. तर लेकरांनी विचारलं तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, "चौथ्या वळणावर कोल्हं आडवं गेलं. तोंडात कवठ व्हतं." सगळी खूश. तेवढ्यात मागून दुसरीतला एक पोरगा उभा राहिला. "म्याडम, माझा आजा सकाळधरनं चौथ्या वळणालाच बसलाय मेंढरं घेऊन. त्याला इचारू का?"

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि दोन्ही कान धरले. "खोटं बोलले. कोल्हं न्हाई आलं. म्या आज काईच बघितलं न्हाई."

कावेरी म्हणाली, "ताप हाय म्हणून आज माफ. कवठाचं मात्र भारी लावलं तुमी."

आमच्या भागात जमीन गुरगुरते. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो, पण औंढ्याच्या, वसमतच्या बाजूच्या कुणालाही विचारा. पोटातून आवाज येतो, भांडी थरथरतात, माणसं अंगणात येऊन उभी राहतात आणि थोड्या वेळाने परत कामाला लागतात. एका सकाळी आम्ही तिसऱ्या वळणावर थांबलेलो असताना तो आवाज आला. मी तो घरात ऐकला होता. डोंगराच्या कडेवर कधीच नाही. आपण ज्याच्यावर उभे आहोत तेच कुठेतरी खोल कूस बदलतंय. कठड्यावरचे बारके दगड खाली घरंगळले. मी किंचाळले. मॅडम गाडीतून उतरल्या, खाली बसल्या आणि त्यांनी डांबरावर तळहात टेकवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"ऐक," म्हणाल्या. "पाखरं."

एकही पाखरू बोलत नव्हतं. मी आयुष्यात तेवढी शांतता ऐकली नाही.

मग एकदम हात झटकून उठल्या आणि सपाट रस्ता असल्यासारखी गाडी पळवली, कारण वर लेकरं एकटी होती. लेकरं कडुनिंबापाशी, भिंतींपासून लांब, उघड्यावर रांगेत बसली होती. मॅडमनीच शिकवलेलं. धाप लागलेल्या मॅडमनी अकरा डोकी मोजली. अकरा भरली. आणि लेकरांनी काय विचारावं? "म्याडम, रस्त्यानं काय दिसलं?"

"आवाज झाल्यावर आधी पाखरं गप झाली. मंग खालची कुत्री."

"खोटं. हितं आधी कुत्री गप झाली!"

यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी दोन्ही लिहिलं. आठव्या वहीत आहे.

माझ्या पत्रकांचं त्यांनी काय केलं तेही सांगून टाकते. मी नवीन पत्रक लिहिलं की त्या तिसऱ्या वळणावर, गाडी बंद असताना वाचायच्या. चष्मा कपाळावरून खाली, ओठ हलवत.

"'अन्याय' पाचदा लिहिलाय."

"आहेच अन्याय!"

"व्हय ना. पर मागच्या पत्रकात बी पाचदा व्हता. कावेरीनं तुला खाली बसवलं असतं, पत्रकवाले. एकदाच लिही. कुणाच्या अंगणात झाला, कवा झाला, तवा कोंबडी कुठं व्हती, ते लिही."

मी चिडायचे. कोंबडीचा काय संबंध?

तर आकडा अकरा. एके दिवशी कळलं की आमच्या शाळेचं नाव यादीत आलंय. लेकरं पाठवायची होती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, खालच्या गावातल्या शाळेत. नकाशावर दोन्ही शाळांत बोटभर अंतर. पण नकाशाला घळ दिसत नाही. वाडी आणि ते गाव यांच्यामध्ये एक उभी घळ आहे, तळाला ओढा. गाडीने जायचं तर सातही वळणं उतरून, डोंगराला पुरा वळसा घालून जावं लागतं, आणि त्या रस्त्याला एकही वाहन धावत नाही. म्हणजे लेकरांनी घळीतून चालत जायचं. चौथीच्या पुढची लेकरं तशीच जातात. जातात म्हणजे, पोरं जातात. पोरी पावसाळ्यापुरत्या घरी बसतात आणि मग कायमच्या बसतात. कावेरीची थोरली बहीण पाचवीला दोन महिने गेली. आता शेळ्या राखते.

आणि कावेरी पुढच्या वर्षी पाचवीला जाणार ते जाणारच. पण तिचा भाऊ पहिलीत होता. त्याच्यासारख्या सहा वर्षांच्या लेकरांना आता त्याच वाटेने काढायचं ठरत होतं.

कचेरीतले एक साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं. मी बोर्ड रंगवले, वाडीतल्या बायकांना गोळा करायचं ठरवलं. मॅडमनी बोर्ड डिक्कीत टाकायला लावले.

"साहेबाला माझ्या गाडीत आणते मी. बस."

"बस म्हणजे?"

"रस्ता दावते."

भाद्रपद होता. तुम्ही तो डोंगर भाद्रपदात बघितला नसेल तर मी काय सांगू. त्या सकाळी ढग आमच्या खाली होते. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली तेव्हा कठड्याच्या पलीकडे पांढरा समुद्र पसरलेला, आणि ढगाला मध्येच भोक पडून त्यातून खालचा सोयाबीनचा हिरवा तुकडा दिसायचा, लगेच बुजायचा. तेरड्याची फुलं कड्यावरून खाली सांडलेली. साहेब पायथ्यापासून तिथपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. मॅडमनी बोट वर केलं होतं. खिशातला फोन वाजला तर साहेबांनी तो बंद केला. मग उतरले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिले.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही भाग्यवान. आम्ही आयुष्यभर फायली बघतो."

मॅडमचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, जिंकलो.

वर्गात लेकरांनी साहेबांना विचारलं, "साहेब, रस्त्यानं काय दिसलं?"

"अरे वा! खूप सुंदर. डोंगर, झाडं, ढग..."

कावेरीने पहिली वही काढली, पानावर बोट ठेवलं. "डोंगर, झाडं, ढग. पहिल्याच पानावर हाय. जुनं. नापास!"

सगळी लेकरं हसली. साहेबही मनापासून हसले, कावेरीच्या पाठीवर थाप मारून गेले.

दोन आठवड्यांनी अहवालाची नक्कल माझ्या हातात आली. रस्ता पक्का, सुस्थितीत व अत्यंत निसर्गरम्य आहे. विद्यार्थी पलीकडील शाळेत पाठवण्यास कोणतीही अडचण दिसत नाही.

मी तो कागद गाडीत मॅडमच्या पुढे नाचवला. तोंडाला येईल ते बोलत होते. मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला.

"त्यानं खोटं न्हाई लिहिलं."

"मॅडम!"

"खरं तेच लिहिलं. रस्ता चांगलाच हाय. मीच येडी. मला वाटलं, हे एकदा बघितलं की कुणाला शाळा बंद करावीच वाटणार न्हाई. म्या माझा रस्ता दावला, गं. लेकराचा दावलाच न्हाई."

त्या दिवशी गाडी तिसऱ्या वळणावर थांबली नाही. मी बघत होते. पाय ब्रेककडे गेलासुद्धा नाही.

वर्गात त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "आज काईच बघितलं न्हाई," आणि खाली सतरंजीवर जाऊन बसल्या. मग लेकरांना सगळं खरं सांगितलं. आदेश काय, शाळा कुठली, वाट कुठली. लेकरांपासून काही लपवायची त्यांना सवय नव्हती. कावेरी खडू हातात घेऊन उभी होती. मग म्हणाली,

"म्याडम, नापास झाल्यावर फेरपरीक्षा आसती ना?"

वहीच्या पानावर पत्र लिहिलं गेलं. 'साहेब, तुमी रस्त्याच्या तासाला नापास झाले. तुमची फेरपरीक्षा सोमवारी सकाळी आहे. ह्या वेळी चालत जायचं आहे. जुनं सांगायचं नाही. सोबत डबा आणावा.' खाली दहा सह्या, आणि कावेरीच्या भावाला सही येत नव्हती म्हणून त्याने काढलेलं एक मेंढरू.

मॅडम स्वतः कचेरीत गेल्या आणि ते पान साहेबांच्या हातात देऊन, एक शब्द न बोलता परत आल्या. दोन वर्षं मी त्या कचेरीत पत्रकं देत होते, एकाचं उत्तर आलं नव्हतं. सोमवारी साहेब वाडीवर हजर. पायांत नवे बूट, हातात डबा.

आठ वाजता निघालो. पुढे कावेरी, तिच्या मागे तिचा भाऊ, मग साहेब, मग बाकीची लेकरं, मॅडम आणि मी. रात्री सर येऊन गेली होती. घळीच्या तोंडाशी कावेरी थांबली, तिने चपला काढल्या आणि दप्तरात घातल्या. साहेब म्हणाले, "अगं, काटे लागतील."

"काटा निघतो. घसरलं तर मंग?"

पुढे खडकाचा उतार होता, शेवाळलेला. लेकरं खाली बसली आणि बसून घसरत गेली. "साहेब, बसा! उभं नगा ऱ्हाऊ!" साहेब उभेच राहिले, दोन पावलं टाकली आणि बसले. बसले म्हणजे आपटले. कुणी हसलं नाही. एका पोराने फक्त त्यांचा डबा उचलून दिला.

ओढ्याला पाणी मोठ्यांच्या मांडीला लागत होतं, म्हणजे कावेरीच्या भावाच्या छातीला. मी आणि मॅडम पुढे व्हायला लागलो तर कावेरी ओरडली, "तुमी नगा धरू. तुमी रोज असताव का?" आणि ती पाण्यात शिरली. साहेब काठावर उभे राहून बघत होते. त्यांच्या विजारीला मागून चिखल, कोपर सोललेलं. पलीकडे गेल्यावर भाऊ रडत होता आणि कावेरी त्याला रागावत होती, "गप. साहेब बघून राहिले." नंतर एकेकाला मॅडमनी, साहेबांनी आणि मी हात दिला. शाळेची घंटा होऊन गेली होती तेव्हा आम्ही खालच्या गावाच्या वेशीशी पोचलो.

साहेब एका दगडावर बसले, बूट काढले, मोजे पिळले. लेकरं समोर कोंडाळं करून उभी राहिली. कावेरीने वही काढली. नववी. तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणली होती.

"साहेब, रस्त्यानं काय दिसलं?"

साहेबांनी मागे घळीकडे वळून बघितलं. मी त्यांच्याकडे रागाने बघत होते, मॅडम मात्र नेहमी खाली दरीत बघायच्या तशाच बघत होत्या.

"पाण्यात," साहेब सावकाश म्हणाले, "तू दप्तर डोक्यावर घेतलंस. एका हातानं ते धरलं. दुसऱ्या हातानं भावाला धरलं. मधल्या दगडावर तुझा पाय हलला." त्यांनी पिळलेला मोजा दगडावर ठेवला. "तेव्हा तुला आधाराला धरायला हातच उरला नव्हता."

कावेरीने सगळ्या लेकरांकडे एकदा बघितलं. हे कुठल्याच वहीत नव्हतं.

"पास," ती म्हणाली, आणि लिहायला वही तिने साहेबांकडेच दिली.

पहिला अहवाल मागे घेतला गेला. दुसऱ्यात ते वाक्य जसंच्या तसं होतं, हाताचं. शाळा आहे तिथे राहिली. मी हे लिहिताना आजही मुठी आवळते, की नऊ वर्षांच्या पोरीला पाण्यात उतरून सिद्ध करावं लागतं की पाणी आहे. यादीतल्या बाकी शाळांच्या कावेऱ्यांना फेरपरीक्षा घेता आली नाही. त्यांच्यासाठी मी अजून हिंडते. पत्रकं अजून लिहिते. फक्त आता त्यात कोंबडी असते. आणि कावेरी पाचवीला त्याच घळीतून गेली, कारण वाडीची शाळा चौथीपर्यंतच. जाते अजून. आता पुढच्या मोहिमेला आम्ही लागलोय. ओढ्यावर पूल.

मॅडम निवृत्त झाल्या. गाडी गल्लीत उभी असते, रोज पुसतात. त्यांच्या जागेवर एक तरुण सर आले, मोटरसायकलवाले, नाराज. पहिल्या दिवशी लेकरांनी विचारलं, "सर, रस्त्यानं काय दिसलं?" सर म्हणाले, "काय दिसणार रे, रस्ताच तर आहे." लेकरांनी त्यांना सतरंजीवर बसायला सांगितलं म्हणे. ते बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर रोज विचारलं.

मागच्या महिन्यात मी सकाळी वाडीवरून उतरत होते. तिसऱ्या वळणावर सरांची मोटरसायकल कडेला स्टँडवर लावलेली. सर कठड्याशी पाठमोरे उभे, हेल्मेट काखेत. मी बाजूने गेले तरी वळून बघितलं नाही.

औंढ्याला उतरल्यावर थेट मॅडमकडे गेले. त्या काच पुसत होत्या. सांगितलं.

"कितव्या वळणावर?"

"तिसऱ्या."

"इंजिन चालू व्हतं का बंद?"

"बंद."

मॅडमनी फडकं पिळलं, बॉनेटवर वाळत टाकलं.

"मंग शाळा भरली म्हण की."